गोल्ड स्पॉटमध्ये संत्रं कुठे होतं?

गोल्ड स्पॉट मी कधी प्यायलेलो नाही. कोका-कोलाने ते १९९३ मध्ये विकत घेतलं, माझा जन्म त्यानंतरचा. तरी दर उन्हाळ्यात त्याच्या जुन्या जाहिरातींच्या रील्स माझ्या फोनवर येतात, आणि सगळ्यांची गोष्ट एकच: आपलं देशी पेय होतं, परदेशी कंपनीने मारलं. गोष्ट खोटी नाही. पण फार सोयीची आहे.

गोल्ड स्पॉट पारलेचं, म्हणजे ज्या कंपनीच्या नावातच विलेपार्ले आहे तिचं. ते बाजारात आलं पन्नासच्या दशकात. १९७७ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकी भांडवलाच्या अटी न मानता कोका-कोला देश सोडून गेली. तिच्यासोबत फँटाही गेला. पारलेने थम्स अप आणलं, आणि संत्र्याच्या चवीत गोल्ड स्पॉटला मैदान मोकळं झालं. बुचाखाली ‘जंगल बुक’ची चित्रं आली. पोरं ती जमवण्यासाठी बाटल्या रिचवायची.

जाहिरातीतली ओळ होती ‘द झिंग थिंग’. ती जरा नीट वाचा. तिच्यात फळ कुठेच नाही. विकली जात होती ती झिंग: तारुण्य, मस्ती, थंडगार फसफस. पेय संत्र्याच्या चवीचं होतं, संत्र्याचं नव्हे. मला तर ही ओळ त्या पेयाबद्दलचं सर्वात प्रामाणिक विधान वाटते.

त्या काळच्या अशा पेयांची एक अडचण असे. संत्र्या-लिंबाचं सुवासिक तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. ते बाटलीभर सारखं पसरून राहावं आणि रसासारखा गढूळपणा दिसावा म्हणून ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल वापरलं जाई. भारतात त्यावर १९९० मध्ये बंदी आली. अमेरिकेला २०२४ उजाडलं! रील्समध्ये हे कधी येत नाही.

आणि खलनायक तरी कोण? फँटा जन्मला १९४० मध्ये जर्मनीत. युद्धामुळे कोका-कोलाचा अर्क मिळेना, म्हणून तिथल्या शाखेने चीजनंतर उरलेलं पाणी आणि सफरचंदाचा चोथा वापरून पेय बनवलं. त्यात संत्रं नव्हतंच. एक कोका-कोलाच्या गैरहजेरीत जन्मला, दुसरं तिच्या गैरहजेरीत माजलं.

१९९३ च्या सौद्यात कोका-कोलाला चव नको होती. हवं होतं ते पारलेच्या बॉटलरांचं जाळं आणि टपरीवरच्या फ्रीजमधली जागा. आमच्या धंद्यातही असंच चालतं: छोटं ॲप विकत घ्यायचं, युजर आपल्याकडे वळवायचे, ॲप बंद करायचं. थम्स अप वाचलं, कारण पेप्सीशी भिडायला ते कामाचं होतं. गोल्ड स्पॉटच्या जागी द्यायला फँटा तयारच होता.

माझी खरी तक्रार मात्र दुसरीच आहे. या सगळ्या हळहळीत काटोल, वरूड, मोर्शी ही नावं एकदाही येत नाहीत. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारण. कडूपणा घालवायला यंत्रणा लागते, पैसा लागतो. चवीचा अर्क स्वस्त पडतो. म्हणजे गोल्ड स्पॉट गेल्याने विदर्भातल्या बागांचं काय बिघडलं? ते होतं तेव्हाही तिथलं संत्रं बाटलीत जात नव्हतंच. तरी ‘आपलं’ म्हणून रडायचं ते बाटलीसाठी.

२०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा परत आणलं, सोबत कॅम्पा ऑरेंजही. पुन्हा तेच, आठवण विकायची. २०१४ मध्ये पंतप्रधान मोदींनी शीतपेय कंपन्यांना पाच टक्के फळांचा रस मिसळा असं जाहीरपणे सुचवलं होतं. कराचं गणित मात्र वेगळंच सांगतं. सप्टेंबर २०२५ पासून फळाच्या रसाच्या साध्या पेयावर ५ टक्के जीएसटी आहे. फसफसणाऱ्या पेयात रस घाला की नका घालू, ४० टक्केच.