विमान, व्यासपीठ आणि विज्ञान काँग्रेस

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच ‘वैमानिक शास्त्र’ तपासून सांगितले होते : ग्रंथ विसाव्या शतकातला, त्यातली विमाने उडणे अशक्य. तरीही जानेवारी २०१५मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. निबंध वाचणाऱ्यांपेक्षा तो निवडणाऱ्यांचा दोष मोठा. सभेने व्यासपीठ दिले की लोक तिची मोहोर उमटली असेच समजतात. याउलट, २०१८मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनला चूक ठरवताच देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून विरोध नोंदवला. विज्ञान काँग्रेसला मात्र भाषणे आधी तपासावीत हे सुचायला २०१९ उजाडावे लागले. तेही जालंधरच्या अधिवेशनात कौरव टेस्टट्यूब बेबी ठरल्यावर! पहिले अधिवेशन १९१४चे, म्हणजे शंभरी उलटून गेली होती.