हशा कोणाच्या खात्यात?

गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मी दोनदा पाहिलं, एकदा दादरला आणि एकदा पुण्याला. नाटक तेच, तात्या सरपंच झालेले मच्छिंद्र कांबळीही तेच, पण हशा वेगळा. दादरला वाक्य पुरं व्हायच्या आत हशा उसळायचा. पुण्याला वाक्य संपायचं, शेजारचे गृहस्थ पत्नीकडे बघायचे, पत्नी पुढच्या रांगेकडे बघायची आणि मग सर्वानुमते हशा व्हायचा. चेक क्लिअरिंगला जाऊन यावा तसा!

1980 साली आलेल्या या नाटकाचे 5000 च्या वर प्रयोग झाले. एवढे प्रयोग काही नुसत्या कोकणच्या जिवावर होत नाहीत, हे कळायला बी. कॉम. व्हावं लागत नाही. तेव्हा मालवणी न येणारा माणूसही हसला, पोटभर हसला. प्रश्न एवढाच, की तो कशाला हसला?

‘आवशीचो घो’ घ्या. मी देशावरचा; मला याचा अर्थ आमच्या शाखेतल्या मालवणी मित्रानं सांगितला. आईचा नवरा, म्हणजे बाप! आता यात शिवी कुठं आली? पण ती शिवीही आहे, आश्चर्यही आहे, आणि आजी नातवाला म्हणते तेव्हा मायाही आहे. कोणी, कोणाला, कुठल्या सुरात म्हटलं, यावर सगळी गंमत. बाहेरच्याला फक्त ‘घो’ ऐकू येतो आणि तो तेवढ्यावर खूश.

कोकणातला दशावतार बघा. तिथं राजेमहाराजे पुस्तकी मराठी झाडतात आणि सुरुवातीला येणारा शंकासुर मालवणीत धमाल उडवतो. समोर बसलेला गाव भाषेनं शंकासुराचा सगासोयरा. परका असलाच तर राजा. तीच मालवणी मुंबईच्या दिवाणखानी नाटकात शिरली ती मात्र हातात चहाचा ट्रे घेऊन. रामा गडी ‘व्हय’ म्हणाला, की खुर्चीतली मंडळी हसणार. रामाला हसायची परवानगी नाही, त्यानं कपबशा उचलायच्या.

गवाणकरांनी हा हिशोबच उलटा मांडला. गावकऱ्यांनाच महाभारत करायला लावलं. मुकुटाखालून गाववाला डोकावतो आणि फजिती होते ती त्या मुकुटाच्या भारदस्तपणाची. मालवणीची नव्हे. म्हणून दादरचा प्रेक्षक एवढा मोकळा हसत होता. पुढच्या नकलाकारांनी यातलं काय उचललं? तर नाकातला सूर! नाकात बोला, शब्दाला शेवटी ‘ओ’ लावा, मधूनमधून कोणाची तरी आवस काढा, झाली मालवणी. आचाऱ्यानं नुसती फोडणी वाढावी आणि त्यालाच आमटी म्हणावं, अशातला प्रकार. आणि टाळ्याही पडतात, हे विशेष!

आमच्या शाखेतल्या एका उत्साही तरुणानं हे शिक्षण टीव्हीवर घेतलं होतं. एकदा काउंटरवर कोकणातल्या एक आजी आल्या. बरोबरच्या बाईंशी त्यांच्या गजाली चालल्या होत्या. त्या ऐकून यानं नाक चढवून सुरू केलं, “काय गो आज्ये, पैशे व्हये काय?”

मागची रांग हसली. आजी हसल्या नाहीत. त्यांनी पासबुक पिशवीत ठेवलं आणि आकाशवाणीच्या बातम्यांना शोभेल अशा मराठीत विचारलं, “आपले व्यवस्थापक कुठे बसतात, सांगाल का?”