भिंतीवरची जीप

महिंद्राच्या जुन्या जीपचे सुटे पत्रे गॅरेजच्या भिंतीवर नीट टांगले, की प्रत्येक पत्रा एकटाही पाहण्याजोगा दिसतो. आजच्या मोटारीचा दरवाजा उतरवून ठेवला तर तो अर्धवट वाटतो. त्याची वळणं शेजारच्या पत्र्याकडे निघालेली असतात आणि मध्येच तुटतात. जीपचं मडगार्ड मात्र सुटं असतानाही पूर्ण असतं, कारण मुळात ते सुटं होण्यासाठीच घडवलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपवरून आलेल्या या गाडीचा भार खालची चासी पेलते, आणि जाळी, मडगार्डं, बॉनेट हा पुढचा सारा भाग बोल्टांवर उभा असतो. माळरानावर दोन पान्यांनी पत्रा उतरवायचा, दुसरा चढवायचा आणि पुढे निघायचं, ही त्यामागची गरज. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 साली निवडक आठ मोटारी कलाकृती म्हणून मांडल्या. त्या श्रीमंत, लांबलचक गाड्यांच्या रांगेत एक जीप होती. निवडणाऱ्यांची नजर चांगली होती.

महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-3बी आली, आणि आपल्याकडे ‘जीप’ म्हटलं की अजूनही हाच उंच कपाळाचा चेहरा आठवतो. हे कपाळ हौसेपोटी वाढलेलं नाही. 1953 च्या या मॉडेलमध्ये नवं, उंच इंजिन बसवायचं होतं, म्हणून बॉनेट वर उचललं गेलं आणि त्याला जुळवून जाळीही उंच झाली. अमेरिकेत या गाडीचं उत्पादन 1968 मध्ये थांबलं. आपल्याकडे तो चेहरा त्यानंतरही कारखान्यातून बाहेर पडत राहिला. आमच्या परभणी जिल्ह्यात जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर काळी-पिवळी म्हणून धावलेल्या गाड्या याच घराण्यातल्या, लांब अंगाच्या. त्यामुळे इथल्या माणसाला हा पत्रा परका नाही. त्याने त्याला टेकून एसटीची वाट पाहिलेली असते.

आता एकेक पत्रा पाहू. जाळीत सात उभ्या फटी आणि दोन्ही बाजूंना दिव्यांची गोल भोकं. युद्धातल्या पहिल्या जीपला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून जाळी बनवत. पुढे ती एकाच पत्र्यातून ठोकून काढू लागले. वजन आणि मेहनत दोन्ही वाचली. प्रत्येक फटीची कड आत मुडपलेली आहे. त्या मुडपण्यानेच भोकं पाडलेला पत्रा ताठ राहतो. जाळीला जे रूप आलं ते या ताकदीच्या हिशोबातून.

मडगार्ड त्याहून साधं. वरचा सपाट तक्ता, मागे उतरत जाणारा उतार आणि बाहेरच्या कडेला खाली वळवलेली पट्टी. निव्वळ सपाट पत्रा हाताने दाबला तरी ठणकन आत-बाहेर होतो. ही एक दुमड पडली, की त्यावर मिस्त्री बसून काम करू शकतो. बॉनेटची गंमत उलट्या बाजूला. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्याला खालून आधाराच्या पट्ट्या जोडलेल्या असतात आणि स्पॉट वेल्डिंगचे ठिपके ओळीने दिसतात. म्हणून निदान एक बॉनेट तरी पाठ दाखवून टांगावं. मागचा फाळका सगळ्यांत घरगुती: दोन साखळ्यांवर उघडला, की बसायला बाक.

हे पत्रे बघायला ऊन तिरकं लागतं. समोरून पडलेल्या उजेडात सगळेच पत्रे चांगले दिसतात. डेंटिंगवाला ट्यूबलाइटची प्रतिमा पत्र्यावर पाडून ती कुठे वाकते ते पाहतो, आणि मग हाताखाली फडकं घेऊन तळवा फिरवतो. कुठे लांबी (पुट्टी) भरली आहे, कुठे हातोडीने पत्रा मूळ जागी आणला आहे, हे त्या तळव्याला कळतं. भिंतीवर एका बाजूने येणारा दिवा लावला, तर पाहणाऱ्यालाही ते वाचता येतं.

ठेवायचं कसं, याचं उत्तरही पत्राच देतो. मडगार्ड गाडीत ज्या बोल्टांच्या ओळीवर असतं, त्याच भोकांतून लाकडी पट्टीवर टांगावं. जाळी खालच्या कडेवर उभी राहते. तिला रबर द्यावं. बॉनेट बिजागरीच्या कडेवर उभं करावं. आडवे पत्रे एकावर एक रचले, की सगळा भार मधल्या सपाट भागावर येतो आणि पत्रा पोट काढतो. एका भोकातून तार ओवून लटकवला, तर भोक ताणलं जातं. जिथे पत्रा गाडीत भार घेतो, तिथेच भिंतीवरही त्याला भार द्यायचा, इतकं पाळलं की मांडणी आपोआप देखणी होते. जुन्या स्वयंपाकघरात पितळी भांड्यांची मांडणी असे. सांभाळणं आणि मिरवणं तिथे एकाच फळीवर होत असे. तोच न्याय इथे.

परभणीची हवा पत्र्याची परीक्षा घेते. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, थंडीच्या लाटेत पाच अंशांच्या आसपास उतरतो. रात्रभर गार झालेल्या पत्र्यावर सकाळची दमट हवा पाण्याचे थेंब धरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली, की गंज जोर धरतो. म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, ओल धरणारं गोणपाट खाली घालू नये, भिंत आणि पत्रा यांत चार बोटं हवा खेळू द्यावी. साधा प्रायमर ओल शोषतो, एपॉक्सी प्रायमर ती अडवतो. उघडा पत्रा ठेवायचा असेल तर मेणाचा किंवा तेलाचा पातळ हात हवा, कारण घामट बोटांचे ठसेसुद्धा काही दिवसांत तांबूस होऊन वर येतात.

एक मात्र आवर्जून सांगावंसं वाटतं. जाळीत दिवे बसवून दिवाणखान्यात लावणारे, फाळक्याचं टेबल करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हौसेचा मान राखूनही मला ते नुकसान वाटतं. नवं भोक पाडलं, कड कापली, की तो पत्रा पुन्हा गाडीचा होत नाही. मूळ बोल्ट कापडी पिशवीत घालून, डावा-उजवा लिहून, त्याच खुंटीला बांधलेले असावेत. उद्या कुणाची जीप बांधावरून घसरली, तर भिंतीवरचं मडगार्ड उतरवून संध्याकाळपर्यंत तिच्यावर चढवता आलं पाहिजे. ज्या भिंतीवरून हे करता येतं, तिथे पत्र्याचं सौंदर्य आणि त्याचं काम दोन्ही शाबूत आहेत.