'सेव्दा' : एका अझरबैजानी स्त्रीनामाची व्युत्पत्ती

'सेव्दा' हे अझरबैजानी स्त्रीनाम 'सेविल' व 'सेविंज' या नावांच्या पंक्तीस बसविण्याचा मोह सहज होतो. आरंभ सारखा, अर्थही प्रेम व आनंद यांच्या परिसरातला. म्हणून तिन्ही नावे 'सेव्' (प्रेम करणे) या तुर्की धातूपासून निघाली, हे मत प्रथमदर्शनी ग्राह्य वाटते. रूपविचार मात्र त्यास अनुकूल नाही.

जाफर जब्बारली यांच्या १९२८ च्या नाटकाची नायिका 'सेविल'. तिच्या नावात धातूस कर्मणी प्रत्यय '-इल' लागला असून 'तुझ्यावर प्रेम केले जावो' असे ते आज्ञार्थी रूप आहे. 'प्रिया' हा रूढ अनुवाद ढिला होय. 'सेव्दा'ची अशी फोड होत नाही. '-दा' हा अधिकरणाचा प्रत्यय; तो नामास लागतो, धातूस नव्हे. शिवाय स्वरसंवादाच्या नियमाने अग्रस्वरानंतर तो '-दॅ' होतो: 'एव्दॅ' म्हणजे घरात. 'सेव्दा'तील विसंवादी 'आ' शब्दाचे परकेपण उघड करतो.

मूळ शब्द अरबी 'सौदा', म्हणजे 'काळी'; 'अस्वद' या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप. युनानी वैद्यकातील चार दोषांपैकी कृष्णपित्ताची ही संज्ञा. त्यातून विषाद, मग प्रेमाचे वेड, मग प्रेम, असा अर्थविस्तार झाला. तेव्हा केवळ 'प्रेम' असा अर्थ देणाऱ्या नामसूची शेवटची पायरी तेवढी सांगतात.

तथापि लौकिक व्युत्पत्ती सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. अरबी 'औ' तुर्कस्तानच्या तुर्कीत 'एव्' होतो, अझरबैजानीत 'ओव्' (अग्रस्थानी उच्चारलेला ओ): मराठीत 'दौलत', तुर्कीत 'देव्लेत', अझरबैजानीत 'दोव्लॅत'. त्या न्यायाने येथे 'सोव्दा' अपेक्षित होते. व्यवहार ठरविणे या अर्थाच्या 'सोव्दॅलॅश्मॅ'त, म्हणजे आपल्या 'सौद्या'च्या सोयऱ्यात, 'ओ' टिकलाही आहे. उस्मानी साहित्यभाषेच्या प्रभावाने 'ए' आला म्हणावे, तर तोच प्रभाव 'दोव्लॅत'वर का पडला नाही? प्रेमार्थक शब्दापुरताच 'ए' स्थिरावण्यास 'सेव्' धातूचे सान्निध्य कारण झाले असावे, हे अनुमान अधिक सयुक्तिक दिसते. अठराव्या शतकातील उर्दू कवी मिर्झा मुहम्मद रफी यांचे 'सौदा' हे तखल्लुस याच शब्दाचे. तेथे असा धातू शेजारी नव्हता, आणि 'औ' अबाधित राहिला.