अमोल पालेकरांच्या सिनेमातला पाऊस

अमोल पालेकर म्हटलं की माझ्या वयाच्या बहुतेकांना ‘गोलमाल’ आठवतो. आखूड कुर्ता, मिशी, समोर उत्पल दत्त. त्याचे तुकडे अजूनही मोबाइलवर फिरत असतात. माझेही पालेकर तेवढेच होते. ते दिग्दर्शक आहेत हे मला फार उशिरा कळलं, तेही ऐन जुलैत, पावसानं दडी मारलेली असताना.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या बाजूला. सोयाबीन उगवून आलं होतं, वर आभाळ कोरडं, आणि घराघरांत दुबार पेरणीची बोलणी चालली होती. मी ओसरीत बसून ‘थोडासा रूमानी हो जाएँ’ बघत होतो. आबा शेजारी येऊन बसले. पडद्यावर नाना पाटेकर आगाऊ पैसे घेऊन पाऊस पाडून द्यायचं वचन देत होता. आबांनी शांतपणे विचारलं, “अन् नाही पडला तं? बियाण्याचे पैसे कोन देते?”

मला हसू आलं. पण नंतर पालेकरांचे एकेक सिनेमे शोधून बघताना तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

आधी नटाबद्दल. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेला, बँकेत कारकुनी केलेला, सत्यदेव दुबेंच्या हाताखाली नाटकात तयार झालेला हा माणूस १९७४च्या ‘रजनीगंधा’नं हिंदी प्रेक्षकांच्या घरात शिरला. मग ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’, ‘बातों बातों में’. त्याचा नायक कशाची तरी वाट बघत असायचा. बसची, नोकरीची, मुलीच्या होकाराची. पडद्यावर अमिताभ चिडून वाट काढत होता त्याच काळात हा रांगेत उभा होता, म्हणून तो आपल्यातला वाटला.

पण त्याला नुसतं ‘साधाभोळा’ म्हणणं चूक आहे. १९७७चे दोन सिनेमे बघा. ‘घरौंदा’त मुंबईत घर मिळत नाही म्हणून तो आपल्या प्रेयसीला आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करायला सुचवतो, मालक फार जगणार नाही असा हिशोब. श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त तो बायकोच्या कमाईवर जगणारा, तिच्यावर पाळत ठेवणारा केशव दळवी आहे. चेहरा तोच, आवाजही तोच मऊ. फक्त वाट बघून थकल्यावर माणूस दुसऱ्याच्या जिवाचा सौदा कसा करतो, ते आता दिसू लागतं. माझ्या मते दिग्दर्शक पालेकरांचं बीज इथंच आहे.

१९८१मध्ये त्यांनी पहिला सिनेमा केला तो मराठीत, ‘आक्रीत’. पटकथा विजय तेंडुलकरांची, आधार मानवतच्या हत्याकांडाचा. आमच्या लोणारहून मंठ्याच्या रस्त्यानं पुढं गेलं की परभणी जिल्हा लागतो, त्यातलं हे मानवत. १९७२ ते १९७४ या काळात तिथं बायका आणि लहान मुलींचे खून झाले आणि त्यामागं गुप्तधन आणि मूल होण्याच्या आशेनं दिलेल्या बळींची गोष्ट पुढं आली. बळी मागणाऱ्या घरातला बडा माणूस पालेकरांनी स्वतः साकारला. घराघरांतला लाडका नट ‘गोलमाल’नंतर दोनच वर्षांत ही भूमिका घेतो आणि तीही स्वतःच्या पहिल्या सिनेमात, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं.

२०२४मध्ये याच प्रकरणावर ‘मानवत मर्डर्स’ ही वेब सिरीज आली. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. तीत तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली; तेही नट म्हणून आलेले आणि दिग्दर्शक झालेले. सिरीज पोलिसाच्या बरोबर बाहेरून गावात येते, कोडं सोडवते आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. ‘आक्रीत’ आपल्याला त्या घरातच बसवतो. तिथं कोडं नाही, हव्यास आहे. परगावी शिकायला गेल्यावर “तुमच्याकडे तसलं चालतं ना?” असं ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा फरक कळेल. सिरीज बघताना मी ‘तिकडचा’ होतो. ‘आक्रीत’ बघताना नव्हतो, कारण मुंबईतल्या ‘घरौंदा’मधला माणूसही त्याच जातकुळीचा निघतो.

मग १९९०चा ‘थोडासा रूमानी हो जाएँ’. मूळ ‘द रेनमेकर’ हे अमेरिकन नाटक. दुष्काळी गाव, लग्न जमत नाही म्हणून स्वतःला कुरूप समजणारी बिन्नी आणि पाऊस पाडतो म्हणणारा बारिशकर. अनिता कंवर ही बिन्नी इतकी खरी करते की तिच्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन. तिला कुणीतरी एकदा नीट बघावं, एवढंच तिचं मागणं आहे. तिथं पालेकर हळुवारपणे थांबतात, घाई करत नाहीत. बस स्टॉपवरच्या त्या नटाचा संयम इथं दिग्दर्शकाच्या कामी आलाय.

पण शेवटी पाऊस पडतो. बिन्नीच्या मनात आत्मविश्वास जागतो आणि आभाळही त्याला साथ देतं. गोवारीकरांच्या ‘लगान’मध्येही सामना जिंकल्यावर पाऊस येतोच. प्रेक्षक म्हणून मी दोन्ही वेळा सुखावलो. पण ज्याच्या घरात बियाण्याची थैली उधारीवर आलीय त्याला हा पाऊस जरा सोपा वाटतो. आमच्याकडे पाऊस कुणाच्या विश्वासाला बक्षीस म्हणून येत नाही आणि न येणं ही कुणाला शिक्षाही नसते. तसं मानायला लागलं की पाऊस पाडणारा भोंदू आणि गुप्तधन काढून देणारा भोंदू यांत फार अंतर उरत नाही. ‘आक्रीत’ करणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं, म्हणून माझी तक्रार जास्त.

तिचं उत्तर पालेकरांनीच दिलं, १९९५च्या ‘बनगरवाडी’त. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, माणदेशातलं धनगरांचं गाव, शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर. गाव त्याला हळूहळू आपलं म्हणतं. मग दुष्काळ पडतो. कुणी जादूगार येत नाही, कुणी बळी मागत नाही. मेंढरं मरतात, माणसं बिऱ्हाड उचलून निघून जातात आणि शेवटी मास्तरही. कॅमेरा त्या रिकाम्या गावाची कीव करत नाही, त्याला सुंदरही करत नाही. दहा वर्षांनी आलेल्या ‘पहेली’त राजस्थानचं वाळवंट रंगीबेरंगी पडद्यासारखं मागं टांगलेलं आहे, शाहरुख खान होता, सिनेमा भारतातर्फे ऑस्करला गेला, पण तिथल्या माणसांना तहान लागते असं मला वाटलं नाही. ‘बनगरवाडी’त वाटतं.

मध्ये त्यांनी ‘दायरा’ केला, र. धों. कर्व्यांवर ‘ध्यासपर्व’ केला. समाजानं बाजूला सारलेल्या माणसांकडे ते परत परत गेले, आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण मला विचाराल तर सुरुवात ‘बनगरवाडी’पासून करा, मग ‘आक्रीत’ बघा आणि मगच बारिशकराला भेटा. या क्रमानं बघितलं तर शेवटचा तो पाऊस खरा नाही, ती एका दमलेल्या माणसानं केलेली इच्छा आहे, असं वाटतं. तेवढी इच्छा मी पालेकरांना माफ करतो.

आबांनाही मी ‘बनगरवाडी’ दाखवला. मोबाइल उशाला टेकवून त्यांनी दोन रात्रींत पूर्ण बघितला. संपल्यावर एवढंच विचारलं, “मास्तर परत आला का मंग?”

नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दिवा घालवला.