सरासरी आणि शेवटची पेशी

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने डोंबिवलीत येऊन कर्करोगाच्या गाठीवर का बोलावे, असे वाटेल तुम्हाला. आज आम्हाला एका आकड्याची चिकित्सा करायची आहे.

इलेक्ट्रोपोरेशनची कल्पना तशी सोपी. विजेचे अगदी छोटे ठोके, पल्स म्हणतात ते, दिले की पेशीच्या पटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांतून ब्लिओमायसिनसारखे औषध आत शिरते. क्षेत्र आणखी तीव्र केले तर औषधावाचूनही पेशी मरते. २००६च्या युरोपीय कार्यपद्धतीत चपट्या इलेक्ट्रोडांसाठी १०० मायक्रोसेकंदांचे ८ पल्स आणि सेंटिमीटरला १३०० व्होल्ट सांगितले आहेत.

आमचा आक्षेप या १३००ला नाही, त्याच्या वाचनाला आहे. व्होल्टेज भागिले अंतर, एवढाच तो भागाकार. समांतर पाट्यांमध्ये एकजिनसी पदार्थ असेल, तरच तो खरे क्षेत्र सांगतो. गाठ असते उंचसखल. पाटी मधोमध टेकते, कडेला हवा राहते, आणि तिथे क्षेत्र उंबरठ्याखाली घसरते. कल्याण-डोंबिवलीकरांना हे समजावायला नको. कागदावर शहराला पाणी पुरते. शेवटच्या नळाला विचारा!

इव्होरा, अल-साकेर, रुबिन्स्की आणि मीर यांनी २००८ साली यावर उपाय मांडला: फटींत विद्युतवाहक जेल भरा. उपाय आम्हाला आवडतो, कारण तो व्होल्ट न वाढवता क्षेत्र सारखे करू पाहतो. पण जेलची वाहकता ऊतीच्या जवळपास हवी. ती फार जास्त झाली तर प्रवाह ऊतीऐवजी जेलमधून जातो. शिवाय जेल भरते बाहेरची फट. आतली चरबी, रक्तवाहिन्या, मृत भाग यांची विषमता तशीच राहते. आणि छिद्रे पडू लागली की ऊतीची वाहकताही बदलते.

आता तर्काकडे येऊ. ‘गाठ पूर्ण व्यापली’ हे प्रत्येक पेशीविषयीचे विधान आहे. सरासरी कितीही चांगली असो, ते सिद्ध होत नाही. आणि एक सुटलेली जागा ते खोटे पाडायला पुरते. तंबाखूने आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. गाल, हिरडी, जबड्याचे हाड, याहून वाकडीतिकडी जागा कुठली? सुटलेली पेशी तिथे पुन्हा वाढते, आणि ती सरासरी रुग्णाच्या काही कामाची नसते.

म्हणून अशा उपचाराचा नकाशा समोर आला, तर किती व्होल्ट दिले एवढ्यावर थांबू नका. सर्वांत कमी क्षेत्र कुठे होते, आणि ते उंबरठ्याच्या वर होते का, हे विचारा.