बाळहिरडा आणि अभयारण्य : भीमाशंकरच्या निमित्ताने संरक्षणविचाराची एक समीक्षा

बीजसंज्ञा : भीमाशंकर, संरक्षित क्षेत्र, गौण वनोपज, वनहक्क, ग्रामसभा

डोंगराळ प्रदेशातील संरक्षित क्षेत्रांविषयी लिहिताना ‘संवर्धन आणि उपजीविका यांचा समतोल’ हा शब्दप्रयोग आता इतका रूढ झाला आहे की, या तराजूत नेमके काय तोलले जाते हे विचारण्याची गरज कोणास भासत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका फळाच्या आधारे विचारावयाचा आहे. ते फळ म्हणजे बाळहिरडा.

पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांत पसरलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर असून शेकरू ही त्याची ओळख आहे. महादेव कोळी समाजाच्या वाड्या मात्र येथे अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. भात, नाचणी, वरई ही पावसाळी शेती वर्षभर पुरत नाही. उन्हाळ्यात हिरड्याची कोवळी, आठळी न धरलेली फळे गोळा करून वाळवली जातात. हाच बाळहिरडा. आंबेगाव, जुन्नर व खेड तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात रोख पैसा हाती येण्याचा तो एक प्रमुख मार्ग आहे. (त्या भागातील विद्यार्थी नेमके परीक्षेच्या तोंडावर गैरहजर का राहतात, याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही, ते अंगणात वाळत घातलेले असते.)

या फळाविषयी कायदा दोन भाषा बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मृत वा पडलेली झाडे, गवत इत्यादी काढण्यास मनाई केली. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २००२ च्या दुरुस्तीनुसार अभयारण्यातील वनोपज रहिवाशांच्या वैयक्तिक गरजेपुरते वापरता येते, व्यापारासाठी नाही. याउलट वनहक्क अधिनियम, २००६ ‘वनजमीन’ या संज्ञेत अभयारण्यांचाही समावेश करतो आणि गौण वनोपजावर मालकी देऊन ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व त्याची ‘विल्हेवाट’ लावण्याचा हक्क मान्य करतो. कचऱ्यासाठी योजिला जाणारा हा शब्द येथे विक्रीच्या अर्थाने यावा, हे आपल्या शासकीय मराठीचे दैन्य म्हणावे लागेल. ते असो. बाळहिरडा कोणी घरी खाऊन संपवीत नाही. विक्री हाच त्याचा मुख्य उपयोग. तेव्हा ‘वैयक्तिक गरज’ ही कसोटी लावणे म्हणजे हक्क देऊन त्याचा आशय काढून घेणे होय.

पश्चिम घाटाविषयीचे दोन्ही गाजलेले अहवाल या पेचापाशी अपुरे पडतात. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये ग्रामसभेला निर्णयप्रक्रियेच्या केंद्रस्थानी आणले, ही तिची थोरवी निर्विवाद आहे. परंतु या समितीच्या नकाशात संरक्षित क्षेत्रे स्वतंत्र दाखविली असून संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी त्यांच्या बाहेर आखल्या आहेत. चर्चेचा भर साहजिकच बाहेर राहिला. ग्रामसभेची सर्वाधिक निकड अभयारण्याच्या हद्दीआत होती. तेथे मात्र युक्तिवादाची धार बोथट होते.

कस्तुरीरंगन समितीची (२०१३) अडचण वेगळी आहे आणि ती अधिक मूलगामी वाटते. या समितीने उपग्रह प्रतिमांच्या आधारे घाटाचे ‘नैसर्गिक’ व ‘सांस्कृतिक’ असे दोन भूदृश्यप्रकार केले आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र नैसर्गिक म्हणून राखण्याची शिफारस केली. हिरड्याचे झाड यांपैकी कोणत्या प्रकारात बसवावयाचे? काही झाडे मालकीच्या जमिनीत आहेत, काही रानात. पिढ्यान्‌पिढ्या राबासाठी इतर झाडांची डहाळी तोडताना फळ देणारे झाड राखले जात असेल, तर ते रान निसर्गाने घडविले की कोळणीच्या हिशेबाने? आकाशातून दोन्ही हिरवळी सारख्याच दिसतात. ही विभागणी चुकीच्या जागी रेषा ओढते, एवढेच नव्हे, तर झाड टिकण्याचे कारणच दृष्टीआड करते.

फळ विकले जाते तोवर झाड उभे राहते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो आधार गेला की माणूस उताराकडे वळतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले, तेव्हा उतारावर जमीन सपाट करण्याच्या ‘पडकई’च्या कामांकडे बोट दाखविले गेले. कारणांविषयी मतभेद आहेत आणि अतिवृष्टीचा वाटा कोणी नाकारीत नाही. पण डोंगरात शेतीचा विस्तार का करावा लागतो, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आला. पुढे ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडींनंतर दुसऱ्याच दिवशी, केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना पुन्हा काढली. पहिला मसुदा २०१४ चा होता.

जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याचे मोठे नुकसान केले. भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना नंतर काही वर्षे आंदोलने करावी लागली. त्यांची मागणी साधी होती : हिरडा हे आमचे पीक आहे, तसे धरून त्याची भरपाई द्या.